गांजाच्या वासावरून गाडीची डिकी उघडता येते का?

प्रश्न नाशिकच्या एका ताईंचा आहे. त्यांचा २३ वर्षांचा मुलगा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर मॅसॅच्युसेट्समध्ये वुस्टरला एमएस करतो. शनिवारी रात्री मित्राच्या गाडीतून परतत असताना, मागचा एक दिवा बंद आहे म्हणून पोलिसाने गाडी थांबवली. काच खाली होताच तो म्हणाला, गांजाचा वास येतोय. चौघांनाही खाली उतरवलं. 'डिकी बघू का?' असं विचारलं आणि गाडी चालवणारा मित्र 'हो' म्हणाला. डिकीत ताईंच्या मुलाची सॅक होती. सॅकमध्ये परवानाधारक दुकानातून घेतलेली गांजाची छोटी डबी होती, आणि एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष एकाग्र न होण्याच्या विकाराच्या, औषधाच्या चार गोळ्या. गोळ्या त्याच्या नावावर लिहून दिलेल्या नव्हत्या. परीक्षेच्या दिवसांत कुणीतरी दिलेल्या होत्या. डबीबद्दल पोलीस अवाक्षर बोलला नाही. गोळ्यांबद्दल मात्र कोर्टाचं बोलावणं आलं. ताई विचारतात, तिथे गांजा गुन्हा नाही ना? मग वास आला म्हणून झडती कशी? आणि अशा झडतीत सापडलेल्या गोळ्या कोर्टात चालतात का?

मी याच राज्यात फौजदारी खटल्यांत आरोपीच्या बाजूने उभा राहतो, त्याला आता वीस वर्षं होतील. ताई, आधी थेट उत्तर देतो. नुसत्या वासावर मॅसॅच्युसेट्समध्ये झडती टिकत नाही. पण सरकारी वकील वासावर विसंबणारच नाही. तो त्या मित्राच्या 'हो'वर विसंबेल. खरी लढाई तिथे आहे. आणि मुलाला जो धोका आहे तो या कोर्टातल्या शिक्षेपेक्षा इमिग्रेशनच्या बाजूने जास्त आहे. तिकडे शेवटी येतो.

पोलिसांना झडतीचा अधिकार गांजाच्या कायद्याने दिलेला नाही. त्यामुळे गांजाचा कायदा बदलल्याने तो अधिकार कुणी काढूनही घेतलेला नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौथी दुरुस्ती १७९१ची. ती एवढंच म्हणते की झडती आणि जप्ती अवाजवी असता कामा नये. घराच्या झडतीला वॉरंट लागतं. गाडीला बहुतेक वेळा लागत नाही, कारण वॉरंट आणेपर्यंत गाडी निघून जाते. ही सवलत १९२५ सालच्या कॅरोल खटल्यातून आली, आणि तो खटला दारूबंदीच्या काळातला, मिशिगनमधला, सीटच्या आत लपवलेल्या बाटल्यांचा होता. म्हणजे गाडीच्या झडतीचा हा सगळा कायदा जन्मालाच आला तो एका नशेच्या मालापायी. पण वॉरंट नसलं तरी पोलिसाकडे 'प्रॉबेबल कॉज' हवंच. या गाडीत गुन्ह्याचा पुरावा किंवा बंदीचा माल सापडेल असं मानायला ठोस कारण हवं, नुसता अंदाज चालत नाही.

गांजा गुन्हा होता तोवर हे गणित सोपं होतं. वास म्हणजे गांजा, गांजा म्हणजे गुन्हा, गुन्हा म्हणजे झडती. पोलिसाच्या रिपोर्टात एक ओळ पुरायची, 'गाडीजवळ जाताच गांजाचा वास आला.' त्या ओळीला उलटतपासणीत हात लावता यायचा नाही. वासाचा फोटो निघत नाही, त्याचा पंचनामा होत नाही, तो मुद्देमालाच्या पाकिटात सील करून ठेवता येत नाही. वास आला नव्हता हे सिद्ध कसं करणार? मी वकिली सुरू केली तेव्हा असे खटले आले की ज्येष्ठ वकील सांगायचे, यात झडतीवर वेळ घालवू नकोस, शिक्षा कमी करायचं बघ.

नोव्हेंबर २००८मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी सार्वमतात ठरवलं की एक औंसपर्यंत, म्हणजे साधारण २८ ग्रॅम, गांजा जवळ बाळगणं हा गुन्हा नाही, १०० डॉलरचा दिवाणी दंड आहे. सुमारे ६५ टक्के लोकांनी बाजूने मत दिलं, आणि २ जानेवारी २००९पासून ते लागू झालं. हे 'डिक्रिमिनलायझेशन'. गांजा कायदेशीर झाला नव्हता, पोलीस तो काढून घेऊ शकत होते, पण त्याची किंमत आता चुकीच्या जागी गाडी लावल्याच्या पावतीएवढी उरली. त्या सार्वमताच्या मजकुरात झडतीबद्दल मात्र स्पष्ट असं काहीच नव्हतं. पोलिसांनी समजून घेतलं की आपलं जुनंच चालू राहील. आम्ही समजून घेतलं की आता मजा येणार.

अडीच वर्षांनी, एप्रिल २०११मध्ये, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 'कॉमनवेल्थ विरुद्ध क्रूझ'चा निकाल दिला (कॉमनवेल्थ म्हणजे इथे मॅसॅच्युसेट्स राज्य). बॉस्टनच्या जमैका प्लेन भागात एक गाडी अग्निशमनाच्या नळासमोर उभी होती. पोलिसांना जळालेल्या गांजाचा हलका वास आला. त्यांनी आतल्यांना खाली उतरवलं, आणि प्रवाशाकडे क्रॅक कोकेन सापडलं. ताई, तुमच्या मुलाच्या प्रकरणाशी जुळवून बघा. वास गांजाचा, सापडलं भलतंच. न्यायालय म्हणालं, गांजा ओढणं आता दंडाची बाब आहे. वासावरून कुणीतरी गांजा ओढला एवढं कळतं, गुन्हा घडल्याचं कळत नाही. गुन्हा व्हायला एक औंसाहून जास्त माल हवा, आणि तो किती आहे हे वास सांगत नाही. नाकाला तराजू नसतो, असं मी अशिलांना सांगतो. कोकेन पुराव्यातून बाद झालं.

यात एक स्थानिक खुबी आहे, ती समजून घेण्यासारखी आहे. चौथ्या दुरुस्तीखाली पोलीस थांबवलेल्या गाडीतल्या माणसाला कारण न सांगता खाली उतरवू शकतो. चालकाबद्दल हे १९७७मध्ये ठरलं, प्रवाशाबद्दल १९९७मध्ये. मॅसॅच्युसेट्सची स्वतःची राज्यघटना मात्र १७८०ची, म्हणजे देशाच्या घटनेहून जुनी, आणि तिचं १४वं कलम इथली न्यायालयं जास्त कडक वाचतात. १९९९पासून इथे नियम असा आहे की खाली उतरायला सांगायचं तर पोलिसाला त्याचं कारण देता आलं पाहिजे. स्वतःच्या सुरक्षेची वाजवी भीती, त्या माणसावर गुन्ह्याचा संशय, किंवा गाडीच्या झडतीसाठी वेगळं पुरेसं कारण. म्हणूनच क्रूझमध्ये सगळा वाद 'उतर खाली' या शब्दांवर झाला. इंटरनेटवर 'अमेरिकेत पोलीस असं करू शकतात का' याची जी उत्तरं मिळतात, ती बहुतेक चौथ्या दुरुस्तीची असतात. राज्याच्या घटनेचा त्यांत पत्ता नसतो.

पोलिसांनी मग म्हटलं, जळालेल्याचं सोडा, कच्च्या मालाचा उग्र वास म्हणजे माल जास्त असणारच. २०१४च्या ओव्हरमायर निकालात न्यायालयाने तेही नाकारलं. वास किती उग्र हे ज्याच्या त्याच्या नाकावर, गाडी बंद होती की उघडी यावर, वाऱ्यावर अवलंबून असतं. त्यावरून वजन काढता येत नाही. त्याच वर्षी क्रान खटल्यात सरकारने आणखी एक पत्ता टाकला, की केंद्रीय कायद्यात तर गांजा गुन्हाच आहे, मग त्या जोरावर झडती घेऊ द्या. उत्तर आलं की राज्याचे मतदार जे गुन्ह्यांतून काढतात ते राज्याच्या पोलिसांनी केंद्राच्या आडून परत आणायचं नाही. २०१५मध्ये ठरलं की नुसत्या वासावर धावती गाडी थांबवतासुद्धा येत नाही. मग २०१६च्या सार्वमताने २१ वर्षांवरच्यांसाठी गांजा कायदेशीरच झाला. बाहेर एक औंस, घरात दहा. नोव्हेंबर २०१८मध्ये पहिली दुकानं उघडली. तुमच्या मुलाच्या डबीबद्दल पोलीस काही बोलला नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतंच. डबी डिकीत होती हेही बरं. उघडं पाकीट पुढे माणसं बसतात तिथे असतं, तर तो वेगळा दिवाणी दंड होता, ५०० डॉलरपर्यंतचा.

आता इथे थांबून सांगतो, हे सगळं मॅसॅच्युसेट्सचं आहे. 'अमेरिकेत गांजा चालतो' हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. राज्याची सीमा ओलांडली की नाकाची किंमत बदलते.

मेरीलँडचं बघा. तिथेही २०१४मध्ये दहा ग्रॅमच्या आतला गांजा गुन्ह्यांतून काढला. पण २०१७मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उलटा निर्णय दिला. गुन्हा नसला तरी गांजा अजून बंदीचा माल आहे, बाळगायची परवानगी नाही, आणि गाडीची झडती बंदीच्या मालासाठीही घेता येते, तेव्हा वास पुरेसा. दोन वर्षांनी त्याच न्यायालयाने म्हटलं, गाडीपुरतं ठीक, पण माणसाला अटक करून त्याचे खिसे तपासायला वास पुरत नाही, कारण अटकेला गुन्हाच लागतो. एकाच वासाने गाडी उघडते आणि खिसा उघडत नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण डिक्रिमिनलायझेशन आणि लीगलायझेशन यांतला फरक याहून स्पष्ट मी कुणाला समजावू शकलेलो नाही. 'गुन्हा नाही' म्हणजे 'परवानगी आहे' असं नव्हे, आणि मधल्या त्या पट्टीतच पोलीस उभा असतो. पुढे १ जुलै २०२३ला मेरीलँडमध्ये गांजा कायदेशीर झाला आणि सोबत नुसत्या वासावरून थांबवायला आणि झडती घ्यायला बंदी करणारा कायदा आला. तेव्हा कुठे हा गुंता सुटला.

इलिनॉयची गंमत वेगळी. २०२४च्या सप्टेंबरात तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जळालेल्या गांजाचा वास एकटा झडतीला पुरत नाही. डिसेंबरात तेच न्यायालय म्हणालं, कच्च्या गांजाचा वास पुरतो. कारण तिथल्या कायद्यानुसार गाडीत गांजा न्यायचा तर वास बाहेर येणार नाही अशा डब्यात हवा. कच्चा वास आला म्हणजे डबा नाही, डबा नाही म्हणजे कायदा मोडला. तर्क म्हणून चोख आहे. पण ओढलेल्याला सूट आणि दुकानातून विकत घेऊन घरी निघालेल्याची झडती, हे मला आजही पचत नाही. सगळं फिरलं ते वाहतुकीच्या नियमातल्या एका डब्यावर. कायदा सैल करणारे लोक पाकिटाबद्दलचं असं एखादं पोटकलम सहज घालून जातात, आणि पोलिसांच्या हातात नवीन किल्ली पडते.

न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत कायदा करणाऱ्यांनी हे न्यायालयावर सोडलं नाही. २०२१मध्ये दोन्हीकडे कायद्यातच लिहिलं की नुसत्या वासावर झडती नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या माझ्या मित्रांना हे ठाऊक असतं. त्यांना ठाऊक नसतं ते हे, की न्यू जर्सीत घरी एक रोप लावणं मात्र अजून गुन्हाच आहे.

आणि न्यू हॅम्पशायर. वुस्टर-बॉस्टनची पोरं ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला हमखास व्हाइट माउंटन्सला जातात. न्यू इंग्लंड म्हणतात त्या आमच्या भागातल्या सहा राज्यांपैकी गांजा कायदेशीर न केलेलं हे एकटं राज्य. तिथे २०१७पासून पाऊण औंसपर्यंत दंडाची बाब आहे, परवानगी नाही, म्हणजे नेमकी ती मधली पट्टी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वुडस्टॉक गावाजवळ आय-९३ महामार्गावर केंद्राच्या बॉर्डर पेट्रोलने नाका लावला. नाव कागदपत्रांच्या तपासणीचं, पण हाताशी कुत्रे. कुत्र्यांनी लोकांच्या गाड्यांतला थोडाथोडा गांजा हुंगला, आणि तो माल गावच्या पोलिसांकडे सोपवून खटले भरले गेले. २०१८मध्ये तिथल्या जिल्हा न्यायालयाने तो पुरावा बाद केला. राज्याच्या घटनेत जी झडती बसत नाही ती केंद्राच्या हातून करून घेता येणार नाही. निकाल चांगलाच लागला. पण व्हिसावरच्या मुलाने त्या नाक्यावर खिशात गांजा घेऊन बॉर्डर पेट्रोलसमोर उभं राहणं काय असतं, याचा विचार करा. त्याच्यासाठी खटला बाद होणं ही अर्धीच गोष्ट आहे.

कुत्र्यांचं राहिलंच. २००५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की वाहतुकीसाठी थांबवलेल्या गाडीभोवती कुत्रा फिरवणं ही झडतीच नव्हे, कारण कुत्रा फक्त बंदीचा माल सांगतो, आणि बंदीच्या मालात कुणाचं खासगीपण नसतं. गांजा कायदेशीर झाल्यावर या युक्तिवादाचा पायाच गेला. कोलोरॅडोमध्ये किलो नावाचा पोलिसांचा कुत्रा होता. त्याला गांजा, कोकेन, हेरॉइन, मेथ सगळं शिकवलेलं, आणि तो काहीही हुंगलं तरी एकच इशारा द्यायचा. २०१९मध्ये कोलोरॅडोचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं की किलो कायदेशीर गोष्टही सांगू शकतो, म्हणजे त्याला फिरवणं ही झडतीच झाली, तेव्हा फिरवण्याआधीच पुरेसं कारण हवं. शिकवलेलं नाक विसरायला लावता येत नाही, ही अडचण. त्यात २०१८च्या शेती कायद्याने ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, असलेलं हेम्प देशभर कायदेशीर केलं. हेम्प आणि गांजा एकाच झाडाचे. वासात फरक ना कुत्र्याला कळतो, ना पोलिसाला.

वास गेला म्हणून पोलिसांनी हात टेकले असं समजू नका. २०११नंतर दोन-तीन वर्षांत माझ्या टेबलावरचे रिपोर्ट बदलले. वासाची एक ओळ जाऊन तिथे परिच्छेद आला. डोळे लाल, पापण्या जड, बोलणं संथ, लायसन्स काढताना हात चाचपडला, गाडी पट्टी सोडून गेली. हे सगळं नशेत गाडी चालवण्याकडे नेणारं, आणि नशेत गाडी चालवणं, गांजा कायदेशीर असो वा नसो, गुन्हाच आहे. इथल्या २०१९च्या डेव्हिस निकालात अशा खुणा, अधिक वास, अधिक चालकाची कबुली मिळून अटक वैध ठरली. वास बाद झालेला नाही, तो बेरजेतला एक आकडा झाला. एक दिलासा २०१७चा: एका पायावर उभं राहा, रेषेवरून चाला, असल्या रस्त्यावरच्या परीक्षा दारूसाठी बेतलेल्या आहेत. गांजाच्या बाबतीत त्यांत पास-नापास म्हणता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. पोलिसाला काय दिसलं तेवढंच तो सांगू शकतो.

आणि दुसरं, ज्याचा तुमच्या मुलाला फटका बसला. पोलीस विचारू लागले. 'बघू का?' कारण संमती मिळाली की प्रॉबेबल कॉजही लागत नाही. आपली मुलं इथे फार लवकर 'हो' म्हणतात. वर्दीतल्या माणसाला नाही म्हणणं उद्धटपणा वाटतो, आणि आपण काही केलं नाही तर लपवायचं काय, असं घरी शिकवलेलं असतं. पोलीस 'तुम्ही नाही म्हणू शकता' असं सांगायला बांधील नाही, हे १९७३पासून ठरलेलं आहे.

आता तुमच्या मुलाचं प्रकरण. मी कागद पाहिलेले नाहीत, तेव्हा हे बाहेरून. गाडी थांबवणं ठीक आहे. दिवा बंद होता, तर त्यावर भांडू नये. पहिला मुद्दा, चौघांना खाली उतरवलं ते कशावर? रिपोर्टात फक्त वास असेल तर क्रूझ थेट लागू होतो. दुसरा, मित्राचा 'हो' त्या उतरवण्यानंतर आला. आधीचं पाऊल बेकायदा असेल तर त्यातून मिळालेली संमतीही डागाळलेली मानली जाते. शिवाय ती मोकळेपणी दिलेली होती हे सिद्ध करणं सरकारचं काम आहे, आपलं नाही. तिसरा आणि माझ्या मते सगळ्यात ताकदीचा मुद्दा, मित्राने डिकीला हो म्हटलं, सॅकला नाही. सॅक बंद होती, दुसऱ्याची होती. गाडीत चार जण असताना ही सॅक कुणाची, हे पोलिसाने विचारलं का? विचारल्यावर मुलगा 'माझी' म्हणाला असेल आणि तरी त्याला न विचारता ती उघडली असेल, तर मित्राची संमती तिथवर पोचते म्हणणं सरकारला जड जाईल. प्रवाशाला दुसऱ्याच्या गाडीच्या झडतीवर आक्षेप घेता येतो का, हा केंद्रीय न्यायालयांत अडसर असतो. पण सॅक त्याची स्वतःची, आणि मॅसॅच्युसेट्स या बाबतीत तसंही उदार आहे.

हे सगळं ज्या अर्जात मांडायचं त्याला मोशन टु सप्रेस म्हणतात. तो मंजूर झाला तर गोळ्या पुराव्यातून जातात, आणि गोळ्यांशिवाय या खटल्यात दुसरं काही नाही. सुनावणीत पोलीस साक्षीला येतो. त्याच्या अंगावर कॅमेरा असेल तर चित्रफीत लगेच मागवायला सांगा. 'बघू का?' हे नेमक्या कुठल्या शब्दांत विचारलं, आवाज कसा होता, लायसन्स तोवर परत दिलं होतं की त्याच्याच हातात होतं, आणि दिव्याची पावती लिहायला लागतो त्याहून किती जास्त वेळ गाडी अडवली, हे सगळं तिथे सापडतं. शेवटच्या मुद्द्यावर २०१५चा रॉड्रिगेझ निकाल आहे. पावतीचं काम संपल्यावर दुसऱ्याच शोधासाठी माणसाला ताटकळत ठेवता येत नाही.

मुलाच्या वडिलांनीही एक ओळ लिहिली आहे, की 'आपल्याकडे असतं तर एवढी झडतीची चर्चाच झाली नसती.' बरोबर आहे, पण कारण कायद्यात आहे. आपल्या अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात एक किलोपर्यंत गांजा 'अल्प प्रमाण' धरतात आणि त्यालाही एक वर्षापर्यंत कैद आहे; गुन्ह्यांतून काहीच काढलेलं नाही. अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर करून घ्यायचा हक्क कलम ५०ने दिला आहे, आणि तो न सांगता अंगावरून काढलेल्या मालावर शिक्षा टिकत नाही, हे १९९९मध्ये बलदेव सिंग खटल्यात ठरलं. पण २००५च्या पवन कुमार निकालानुसार बॅग म्हणजे अंग नव्हे. सॅकला ते कलम लागलंच नसतं. आणि झडती बेकायदा असली तरी सापडलेला पुरावा आपोआप बाद होत नाही, ही भूमिका आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४पासून घेतली आहे. इथे पोलिसाच्या चुकीची किंमत सरकारी पक्ष मोजतो. आपल्याकडे बहुतेक वेळा ती आरोपीच मोजतो.

आता इमिग्रेशन. ताई, हा भाग दोनदा वाचा आणि मुलालाही वाचायला लावा.

केंद्रीय कायद्यात परदेशी माणसाला अमली पदार्थाच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं की देशाबाहेर काढता येतं. त्याला एकच लहान पळवाट आहे, स्वतःसाठी बाळगलेला ३० ग्रॅमपर्यंतचा गांजा, आणि तोही एकदाच. गोळ्या त्यात बसत नाहीत. म्हणजे घरचे ज्या डबीने घाबरलेत ती किरकोळ आहे, आणि ज्या चार गोळ्यांना मुलगा 'अभ्यासाचं औषध' म्हणतो त्या भारी आहेत. इथली कोर्टं पहिल्यांदा सापडलेल्या मुलाला बऱ्याचदा एक सोय देऊ करतात, 'कंटिन्यूड विदाउट अ फाइंडिंग'. तथ्यं मान्य कर, काही महिने नीट राहा, खटला निकाली निघेल. स्थानिक मुलासाठी ती सोय उत्तम. राज्याच्या नजरेत ती दोषसिद्धी नाही. इमिग्रेशनच्या नजरेत मात्र आहे, कारण तथ्यं मान्य केली आणि त्यावर कोर्टाने बंधन घातलं. हा सापळा मी चांगल्या-चांगल्या वकिलांना दिसला नसल्याचं पाहिलं आहे. काहीही मान्य न करता मिळणारं 'प्रीट्रायल प्रोबेशन' वेगळं, त्याची मागणी करता येते. २०१०पासून बचावाच्या वकिलावर इमिग्रेशनचे परिणाम सांगायचं बंधन आहे, तरीही इमिग्रेशनचा वेगळा वकील घ्या, आणि दोघांना एकमेकांशी बोलायला लावा.

खटला सुटला तरी पुढच्या वेळी मुंबईला व्हिसाचा शिक्का घ्यायला गेल्यावर अर्जात विचारलेलं असतं, कधी अटक झाली का, कधी अमली पदार्थांचा कायदा मोडला का. खोटं लिहायचं नाही. पण खरं कसं लिहायचं हे वकिलाला विचारल्याशिवाय लिहायचं नाही. दोषसिद्धी नसतानाही नुसत्या स्वतःच्या कबुलीवर प्रवेश नाकारता येतो, आणि तिथे 'मॅसॅच्युसेट्समध्ये गांजा कायदेशीर आहे' या वाक्याला काडीची किंमत नाही. विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीपाशी चौथी दुरुस्तीही पातळ होते. सामानाच्या झडतीला तिथे कारण लागत नाही. ग्रीन कार्डवाल्यांनीही ऐकून ठेवावं. एप्रिल २०१९पासून नागरिकत्वाच्या अर्जात राज्यात कायदेशीर असलेला गांजाही चारित्र्याच्या आड येऊ शकतो, अगदी गांजाच्या दुकानातली नोकरीसुद्धा.

तर तारखेआधी एवढं करा. मुलाला आठवतं ते सगळं त्याने आजच वकिलाच्या नावाने लिहून काढावं. कोण कुठे बसलं होतं, पोलीस नेमकं काय म्हणाला, मित्र काय म्हणाला, सॅकची चेन बंद होती का. त्या मित्राशी आणि गोळ्या देणाऱ्याशी या विषयावर व्हॉट्सअ‍ॅपवर एक शब्द बोलू नये, आणि आधीचे मेसेज पुसूही नयेत. पहिल्या तारखेला 'नॉट गिल्टी' एवढंच सांगायचं असतं, बाकी वकील बोलेल. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला काय कळवायचं ते वकिलाला विचारूनच. आणि निकाल लागेपर्यंत दिवाळीला घरी बोलावू नका. इथून बाहेर पडणं सोपं आहे, परत आत येताना तीच खिडकी आहे.